चार माणसं, अकरा क्लायंट आणि सगळंच अर्धवट: नक्की काय सोडायचं?

कृष्णाकाठचा_भोपळा

नमस्कार मंडळी. दोन-अडीच वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं सांगलीत डिजिटल मार्केटिंगचं दुकान आहे. दुकानच म्हणतो, एजन्सी म्हणावं असं काही नाही, विश्रामबागला एका डेंटिस्टच्या वर दोन खोल्या आणि मी धरून चार जण. एक मुलगी डिझाईन आणि रील्स बघते, एक पोरगा वर्डप्रेस आणि जे काय टेक्निकल निघेल ते, एक जण जाहिराती, आणि मी क्लायंटचे फोन, वसुली, भांडणं. क्लायंट अकरा. दोन क्लासवाले, एक ज्वेलर, फरशीचं शोरूम (सख्खा मेव्हणा, यावर नंतर येतो), ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट, खालचा डेंटिस्ट (भाड्यात वळतं करतो) वगैरे वगैरे. प्रत्येकाला इन्स्टा पाहिजे, फेसबुक पाहिजे, यूट्यूब पाहिजे, गूगलवर वर यायला पाहिजे, वेबसाईट पाहिजे, आणि वर्षभरापासून सगळ्यांनाच एआयचा चॅटबॉट पाहिजे. आणि आम्ही आजवर कुणालाही नाही म्हणालेलो नाही, कारण नाही म्हटलं की तो समोरच्या गल्लीत जातो ही भीती.

आता झालं काय ते सांगतो. आमचा एक क्लायंट तासगावकडचा बेदाणेवाला आहे, घरची बाग, घरचं शेड. मार्चमध्ये आम्ही शेडवर जाऊन शूटिंग करून ठेवलं होतं. द्राक्षं डिपिंगच्या पाण्यातून काढून जाळीवर पसरतात ते, मग पंधरा-एक दिवसांनी रॅक हलवून बेदाणा खाली पाडतात ते, आणि शेवटी क्लायंटच्या आई खाली बसून मूठभर बेदाणे तळहातावर घेऊन काड्या निवडतायत असा एक शॉट. दिवाळीच्या आधी त्याचं रील टाकलं आणि ते उडालं की हो. चार लाखांच्या वर गेलं. खाली सहाशेवर कमेंट, त्यातल्या निम्म्या "दर काय", "ठाण्याला येईल का", "अर्धा किलो मिळेल का" अशा. आणि आम्ही? आम्ही चौघंही ज्वेलरच्या चॅटबॉटला चिकटलेलो, धनत्रयोदशीच्या आत सुरू झालाच पाहिजे म्हणून, आणि तो बॉट गिऱ्हाईकाला आदल्या दिवशीचा सोन्याचा भाव सांगत होता. दोन दिवस त्या कमेंटकडे कुणी बघितलंच नाही. वर कहर म्हणजे वेबसाईटवरच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाला क्लायंटच्या चुलतभावाचा नंबर होता जो बंद होऊन वर्ष झालेलं. चार लाख व्ह्यूजमधून ऑर्डरी किती? २३.

मग काकूंनी, म्हणजे क्लायंटच्या आईने, त्यांची वही काढली. दरवर्षी दिवाळीला, रमजानला कोण किती नेतं त्याची लाल पुठ्ठ्याची वही, साधारण दोनशे नावं. पोराकडून फोन हातात घेतला आणि एकेकाला आवाजात मेसेज, "अमुक वहिनी, बेदाणा निघालाय, गेल्या सालासारखाच हिरवा आहे, किती ठेवू?" चार दिवसांत नव्वदवर ऑर्डरी.

क्लायंटने मला शांतपणे विचारलं, "मग तुम्ही नक्की काय केलंत?" रागावला असता तर बरं वाटलं असतं.

तर प्रश्न असा की चार माणसांच्या टीमने कशावर लक्ष द्यायचं आणि काय सोडायचं? तत्त्वज्ञान नको, कुणी केलं असेल तर सांगा.

पानगळ

रुमाल टाकून ठेवतो.

रीलसम्राट_अण्णा

उत्तर तुमच्याच धाग्यात आहे राव. चार लाख माणसांनी फुकटात बघितलं. बाकी सगळं बंद करा, रील्स करा, कमेंटला उत्तर द्यायला एक पोरगं ठेवा. विषय संपला.

जुना_खिळा

अण्णा, विषय तिथून सुरू होतो.

भोपळा, आधी एक करा. स्ट्रॅटेजी, फोकस हे शब्द आठ दिवस बाजूला ठेवा आणि एक वही घ्या, काकूंच्यासारखीच. चौघांनी रोज संध्याकाळी लिहायचं, आज कुठल्या क्लायंटच्या कुठल्या कामाला किती तास गेले. पंधरा दिवस. खोटं लिहायचं नाही, "वाट बघत बसलो" हेही लिहायचं. शेजारी त्या क्लायंटकडून महिन्याला येणारे पैसे. मी वीस वर्षं हा धंदा करतोय, आधी पेपरातल्या जाहिराती, मग हे सगळं. प्रत्येक दुकानात हाच प्रकार बघितलाय, जो क्लायंट सगळ्यात जास्त ओरडतो तो सगळ्यात जास्त तास खातो आणि पैसे देणारा गप्प बसलेला असतो. तुमचा डेंटिस्ट बघा, मी पैज लावतो.

आणि तासगावचंच उदाहरण देतो, तुमच्याच भागातलं. बेदाण्याच्या सौद्यात नमुना बघताना मुठी भरभरून उधळायचे ना, त्या उधळणीवरून शेतकरी किती भांडले. तुमच्या चार माणसांच्या वेळेचं नेमकं तेच चाललंय. प्रत्येकाच्या बॉक्समधून एकेक मूठ उधळायची आणि तोलायला बसलं की वजन कमी.

ऑर्कुटवासी

रील्सवाल्यांसाठी थोडा इतिहास. कंटाळा आला तर पुढे जा.

२०१५-१६ मध्ये सगळीकडे एकच हाकाटी होती, लेख मेला, आता व्हिडिओ. अमेरिकेत मोठमोठ्या बातम्यांच्या साईटनी लिहिणारी माणसं काढली आणि व्हिडिओवाली भरली. मी तेव्हा पुण्यात एका मीडिया कंपनीत होतो, आमच्याकडेही तीच लाट, नाव घेत नाही. मग सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो हा आकडा दोन वर्षं फुगवून दाखवला जात होता. गंमत कशी, तर भागाकारात फक्त तीन सेकंदांच्या वर बघणारे धरले होते, जे लगेच पुढे सरकले ते धरलेच नाहीत. एका मोठ्या जाहिरात कंपनीला सांगितलेला फुगवटा ६० ते ८० टक्के होता. पुढे जाहिरातदारांनी कोर्टात खेचलं आणि २०१९ मध्ये ४ कोटी डॉलर देऊन मिटवलं. पण ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच.

टिकटॉकचं तर आपल्या डोळ्यांसमोर झालं. २९ जून २०२० ला संध्याकाळी बंदी आली. आमच्या ओळखीचा साताऱ्याकडचा एक पोरगा होता, ट्रॅक्टरवरचे विनोदी व्हिडिओ करायचा, लाखांत फॉलोअर. सकाळी उठला तर काही नाही. आठ-दहा दिवसांत रील्स आलं भारतात, पण तिथे त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

माझं म्हणणं एवढंच, ही सगळी खंडाने घेतलेली जमीन आहे. मालक कधी खंड वाढवेल, कधी म्हणेल यंदा मीच कसतो, सांगता येत नाही. काकूंची वही ही सातबाऱ्यावरची जमीन.

रीलसम्राट_अण्णा

@ऑर्कुटवासी, खंडाची जमीनपण कसावीच लागते, नाहीतर खाणार काय? वहीतली दोनशे माणसं आली कुठून? काकूंनी तीस वर्षं घालवली असतील. दोनशेची दोन हजार कशी करणार, ते सांगा. आणि भोपळाशेठ, त्या २३ ऑर्डरींतली वहीत आधीपासून असलेली किती?

कृष्णाकाठचा_भोपळा

अण्णा, चांगला प्रश्न. आत्ताच क्लायंटला विचारलं. २३ पैकी एकही वहीत नव्हता, सगळे नवे, बहुतेक मुंबई-पुणे आणि एक बंगलोर.

जुना खिळा, वही आणली. उद्यापासून.

चिंचवडची_अन्नपूर्णा

मी दुसऱ्या बाजूची आहे म्हणजे क्लायंट. माझा पुरणपोळी, सणाचे डबे आणि मसाल्यांचा घरगुती व्यवसाय आहे. मागे एका एजन्सीला वर्षभर पैसे दिले. दर महिन्याला छान रंगीत पीडीएफ यायची, रीच इतका, इम्प्रेशन तितके, वरती हिरवा बाण. मी विचारायचे की माझ्याकडे पोळ्या किती गेल्या, तर म्हणायचे मॅडम ब्रँड बिल्ड होतोय. अहो मी पुरणपोळी निगडी ते दापोडी एवढ्यातच पोचवते, त्याच्या पुढे ती चांगली राहत नाही, आणि हे मला नागपूरचे व्ह्यूज दाखवतायत!

शेवटी भाच्याने बसून गूगल मॅपवरची नोंद नीट केली. वेळ, फोटो, कुठे पोचवतो, आणि हो, दर. मला त्या "दरासाठी इनबॉक्स करा"ची इतकी चीड आहे. दुकानात गेल्यावर दुकानदार कानात दर सांगतो का? आता रोज तीन-चार फोन मॅपवरून येतात. त्या फोनवाल्यांना नागपूरला पाठवा वगैरे काही नको असतं, ते चिंचवड स्टेशनला उभे असतात.

तुमच्या बेदाण्याला मात्र रीलचा उपयोग आहे, तो टिकतो, कुरिअरने जातो. म्हणजे सगळ्या क्लायंटना एकच औषध कसं चालेल?

जुना_खिळा

अन्नपूर्णाताईंना शंभर मार्क. माल किती लांब जातो त्यावरून माध्यम ठरतं. डेंटिस्टला चार लाख व्ह्यूज येऊन दात तेवढेच.

श्टुटगार्टचा_शेवग्या

मी मार्केटिंगवाला नाही, सॉफ्टवेअरमधला आहे, पण तुमचा त्रास अगदी ओळखीचा वाटला. एक साधं गणित सांगतो. १९६१ मध्ये जॉन लिटल नावाच्या माणसाने सिद्ध केलेलं आहे, रांगांच्या शास्त्रातलं. हातात एकावेळी किती कामं उघडी आहेत त्याला आठवड्यात किती पुरी होतात त्याने भागा, एका कामाला सरासरी किती आठवडे लागणार ते कळतं. तुमच्याकडे अकरा क्लायंटची मिळून समजा ३० कामं उघडी असतील आणि आठवड्याला ६ पुरी होत असतील तर प्रत्येक कामाला पाच आठवडे. माणसं तेवढीच ठेवून उघडी कामं १२ वर आणली की तेच काम दोन आठवड्यांत. कुणी जास्त राबलं नाही, फक्त नवीन काम आत घ्यायचं नाही जोवर जुनं एक बाहेर जात नाही.

बंद पडलेला नंबर वर्षभर वेबसाईटवर का राहिला? आळस म्हणून नाही. कुणाच्या तरी यादीत ते एकोणतिसावं काम होतं.

करायचं कसं, तर भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर बारा चिठ्ठ्यांची जागा. तेरावी लावायला जागाच नाही. सॉफ्टवेअर घेऊ नका, त्यात तेरावी चिठ्ठी बसते.

पानगळ

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतोय.

मॅनेजमेंट_गुरुजी

सर्वांनी स्टीव्ह जॉब्सचा आदर्श घ्यावा. १९९७ मध्ये परत आल्यावर त्यांनी अ‍ॅपलची बहुतेक उत्पादनं बंद करून चार चौकटींत चारच ठेवली. फोकस म्हणजे नाही म्हणणं.

ऑर्कुटवासी

जॉब्स यायला दहा प्रतिसाद लागले, यंदा उशीर झाला.

गुरुजी, त्या वर्षी अ‍ॅपलला एक अब्ज डॉलरच्या वर तोटा होता, आणि मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १५ कोटी डॉलर घातले म्हणून दम धरता आला. सांगलीत कोण घालणार? मेव्हणा?

कृष्णाकाठचा_भोपळा

मेव्हणा मागच्या सात महिन्यांचं बिल पण घालत नाहीये 😭

क्लिकगाडी

जाहिरातीवाला हजर. बजेट काय आहे आणि मोडलंय कसं ते सांगाल का? बेदाण्याचंच सांगा.

कृष्णाकाठचा_भोपळा

रोजचे ६००. सहा अ‍ॅडसेट आहेत (म्हणजे जाहिरातीचे वेगवेगळ्या लोकांसाठीचे गट), मुंबई, पुणे, बंगलोर, फिटनेसवाले, गृहिणी आणि एक लुकअलाईक (आपल्या गिऱ्हाइकांसारख्याच माणसांसाठी). प्रत्येकी शंभर. शिवाय क्लायंट स्वतः मधेच फोनवरून बूस्टचं (पैसे भरून पोस्ट पसरवायचं) बटण दाबतो.

क्लिकगाडी

वाटलंच. थोडं लांब लिहितो कारण हे आपल्याकडे दहातल्या नऊ खात्यांत दिसतं.

मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या, जाहिरातीला शिकायला वेळ लागतो, त्याला लर्निंग फेज म्हणतात, आणि त्यातून बाहेर पडायला एका अ‍ॅडसेटला आठवड्यात साधारण ५० निकाल लागतात. निकाल म्हणजे तुम्ही जे मागितलंय ते, ऑर्डर मागितली तर ऑर्डर. आता तुमची एक ऑर्डर समजा २०० रुपयांना पडते. शंभर रुपयांत रोज अर्धी ऑर्डर, आठवड्याला साडेतीन. पन्नास कुठे आणि साडेतीन कुठे. म्हणजे तुमची सहाच्या सहा पोरं कायम पहिलीत, पास कुणीच होत नाही. आणि त्यातून तुम्ही चार दिवसांनी "पुणे चाललं नाही" म्हणून बंद करता, नवीन काढता, ते पुन्हा पहिलीत.

बरं, सहाचा एक केला तरी ६०० रोज म्हणजे आठवड्याला ४२०० आणि २१ ऑर्डरी. तरी पन्नास नाहीत. म्हणून छोट्या बजेटला मी ऑर्डर मागतच नाही, एक पायरी अलीकडचं मागतो, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं सुरू झालं की निकाल. ते समजा वीस रुपयांना पडलं तर आठवड्याला दोनशेवर. मशीनला शिकायला भरपूर. पण इथे मेख आहे, बोलणं सुरू करणारा प्रत्येक जण घेत नाही, त्यामुळे पलीकडे उत्तर देणारं माणूस लागतं, ते पण दहा-पंधरा मिनिटांत. माणूस नसेल तर ही जाहिरात सुरूच करू नका, दोन दिवसांनी उत्तर दिलंत तर तो तोवर किराणावाल्याकडून घेऊन खीर करून मोकळा.

आणि क्लायंटच्या फोनमधून ते बूस्टचं बटण काढा. म्हणजे काढता येत नाही, पण त्याला शपथ घाला. बूस्ट नेहमीच्या सेटिंगवर दाबलं की ते लाईक-कमेंट करणारी माणसं शोधतं, आणि लाईक करणारा आणि पैसे देणारा यांची जात वेगळी असते.

रीलसम्राट_अण्णा

हे पटलं. वाचनखूण साठवली.

लातूरची_लेखणी

सगळं वाचलं. पण एक गोष्ट सगळेच विसरतायत असं वाटतं. पुण्या-मुंबईत "आम्ही फक्त दातांच्या दवाखान्यांचं मार्केटिंग करतो" म्हणून पोट भरतं. लातूर, सांगलीला नाही भरत. इथे ज्याचं येईल त्याचं घ्यावं लागतं आणि नातेवाईकाचंही घ्यावं लागतं. मी इथे सहा वर्षं एकटी काम करते. क्लायंट कापणं मला परवडणार नव्हतं, म्हणून मी कामं कापली. क्लायंट कोणीही असो, मी तीनच गोष्टी करते आणि त्या सगळ्यांना त्याच. त्यामुळे हात बसतो. दहावी गूगल नोंद मी चाळीस मिनिटांत करते, पहिलीला दोन दिवस लागले होते. बाकी कुणी लोगो मागितला, अ‍ॅप मागितलं की दुसऱ्याचा नंबर देते आणि कमिशन घेत नाही. ते लोक मग माझ्याकडे कामं पाठवतात.

कृष्णाकाठचा_भोपळा

लेखणीताई, हा विचारच केला नव्हता. आम्ही सारखं "कुठला क्लायंट सोडू" यावरच अडकलो होतो.

नवा_गडी

आता एआय आलंय, चार माणसांत चाळीस क्लायंट होतील. टेन्शन कशाला घेता.

श्टुटगार्टचा_शेवग्या

एआयने पोस्ट लिहिणं पाच मिनिटांवर आलं खरं. पण ती पोस्ट ज्वेलरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरीसाठी सहा दिवस पडलेली असते, ते कुणी कमी केलं? नळ मोठा केला आणि मोरी तेवढीच, तर पाणी स्वयंपाकघरात येणार.

ऑर्कुटवासी

अवांतर: वहीवरून आठवलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही साधारण सहा तास बंद पडलं होतं. त्यांच्याच एका इंजिनिअरने दुरुस्तीच्या वेळी दिलेल्या कमांडमुळे त्यांचं आतलं नेटवर्क तुटलं. माझी मावसबहीण नवरात्रीच्या साड्यांचा लाईव्ह सेल करत होती घरून, मधेच सगळं गायब. तिच्याकडे गिऱ्हाईकांचे नंबर कुठेच लिहिलेले नव्हते, सगळे त्या अ‍ॅपमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम तिने वही आणायचं केलं. काकूंसारखीच, पण निळ्या पुठ्ठ्याची.

तेरदाळचा_तात्या

वही-वही चाललंय तर मग ती सगळी नावं घेऊन एकदम मेसेज सोडायचे की. एसएमएस ब्लास्ट. दोनशे काय दोन लाख.

क्लिकगाडी

तात्या, ते दिवस गेले. एसएमएसला आता डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची नोंदणी यंत्रणा) नोंदणी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मार्च २०२१ मध्ये तो नियम कडक लावला तेव्हा देशभर बँकांचे ओटीपीच अडकले होते, शेवटी आठवडाभर थांबवावं लागलं. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत २५६ माणसं, तीही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो.

काकूंचं जमलं ते म्हणूनच. दोनशे बायकांच्या फोनमध्ये त्या "बेदाणा काकू" म्हणून सेव्ह असणार. विकत घेतलेल्या यादीत तुम्ही कुणाच्याच फोनमध्ये नसता, बऱ्याच जणांनी स्पॅम म्हणून दाबलं की नंबर ब्लॉक होऊ शकतो.

कृष्णाकाठचा_भोपळा

"तासगाव बेदाणा काकू". खरंच असंच सेव्ह आहे, माझ्या बायकोच्या फोनमध्ये पण 😂

*(सतरा दिवसांनंतर)*

कृष्णाकाठचा_भोपळा

धागा वर काढतोय, वहीचा निकाल सांगायचा होता.

चौघांचे मिळून ३८०-एक तास लिहिले. ज्वेलरचा चॅटबॉट ९४ तास, पैसे वेगळे काहीच नाहीत कारण मी "पॅकेजमध्ये देतो" म्हणून बसलो होतो. मेव्हण्याची फरशी ५१ तास, त्यात एकच कॅटलॉग सात वेळा बदललेला, आणि पैसे तुम्हाला माहीत आहेत. "मंजुरीची वाट" ४० तासांच्या वर. खालचा डेंटिस्ट ६ तास. महिन्याच्या हिशोबात दर तासाला सगळ्यात जास्त पैसे डेंटिस्टच देतो. जुना खिळा, तुम्ही पैज जिंकलात, भडंगचा डबा पाठवतो. बेदाणा ११ तास. अख्ख्या पंधरवड्यात अकरा.

मग एक रविवार चौघं बसलो. लेखणीताईंचं ऐकलं, कामं कापली. यूट्यूब बंद, चॅटबॉट बंद, अ‍ॅप नाही, लोगो नाही. ठेवलं काय, तर गूगलची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवर आणणाऱ्या जाहिराती, आणि गिऱ्हाईकांची यादी लिहून ती जिवंत ठेवणं. वेबसाईट म्हणजे एक पान, दर आणि नंबर. दर सोमवारी सकाळी पोरगा स्वतःच्या फोनवरून प्रत्येक नंबर लावून बघतो.

सगळं गोड नाही. ज्वेलर गेला. एक क्लासवाला गेला. पुढच्या महिन्याचं उत्पन्न कमी होणार हे दिसतंय आणि रात्री झोप लागत नाही, खोटं कशाला बोलू. रील्स करणारी मुलगी रुसली होती, साहजिक आहे, तिचं तेच कौशल्य. तिला म्हटलं जे कुरिअरने जातं त्या तीन क्लायंटची रील्स तू कर, महिन्याला दोनच कर, पण टाकल्यावर दोन दिवस कमेंट तूच सांभाळायच्या. ते तिला आवडलं, म्हणाली आजपर्यंत कमेंटमध्ये लोक काय विचारतात ते मी कधी वाचलंच नव्हतं.

लातूरची_लेखणी

दोन-तीन महिने असेच जातील. धीर धरा. मेव्हण्याचं काय केलंत?

कृष्णाकाठचा_भोपळा

बोर्डावर जागा नाही म्हणून सांगितलं. तो बघायला आला. बारा चिठ्ठ्या मोजल्या. मग म्हणाला एक काढ की.

पानगळ

🤣🤣🤣

जुना_खिळा

बहिणीला मध्ये घाला.

कृष्णाकाठचा_भोपळा

बायकोचा भाऊ आहे हो, बहीण म्हणजे माझीच बायको. तिनेच वसुली केली शेवटी. सातपैकी पाच महिन्यांचे आले.

*(साडेचार महिन्यांनंतर)*

रीलसम्राट_अण्णा

भोपळाशेठ, काय हालहवाल? नवीन बेदाणा निघाला असेल ना?

कृष्णाकाठचा_भोपळा

निघाला अण्णा. यंदा शेडवर आम्ही तिघं गेलो, चौथा ऑफिसात फोन घेऊन बसला.

तुमच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. त्या २३ नव्या गिऱ्हाइकांची नावं काकूंनी दिवाळीतच वहीत चढवून घेतली होती, आम्हाला न सांगता. रमजानच्या आधी त्यांनाही तसाच आवाजात मेसेज गेला. ९ जणांनी परत घेतलं, त्यातल्या बंगलोरवाल्याने पाच किलो. म्हणजे तुम्ही आणि ऑर्कुटवासी दोघंही बरोबर, आता भांडू नका.

जाहिरातीचा एकच अ‍ॅडसेट ठेवलाय, क्लिकगाडी. क्लायंटने मधे दोनदा बूस्ट दाबलं, शपथ मोडून.

ऑर्कुटवासी

आम्ही भांडत नाही, चर्चा करतो.

चिंचवडची_अन्नपूर्णा

मला श्रीखंडात आणि डब्यात घालायला लागतो. तीन किलो हवा आहे. दर काय? आणि व्यक्तिगत निरोप नको, इथेच सांगा.

कृष्णाकाठचा_भोपळा

हिरवा लांब साडेचारशे रुपये किलो, चिंचवडला कुरिअर वेगळं, तीन किलोला साधारण दीडशे. परवा निघेल. काकू विचारतायत, वहीत नाव काय लिहू?